शिंगांची साक्ष

खिलारी बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या, की निवृत्त सोनटक्के बाईंना अजून तो जत्रेतला दिवस आठवतो. शाळेचे अध्यक्ष तात्या भर बाजारात त्यांच्यावर गरजले होते, "उत्क्रांती शिकवाल तर नोकरी जाईल! माकडाचा माणूस झालेला पाहिलाय कुणी?"

एवढ्यात बैलांच्या रांगेत एक तरणा खोंड दिसताच ते थबकले. "हा नि आमचा सर्ज्या बैल एकाच आज्याची नातवंडं!"

"तो आजा पाहिलात तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"पाहायचा कशाला? शिंगांची ठेवण सांगते की!"

बाईंनी वर्गासाठी घेतलेला काखेतला तक्ता उलगडला. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख. आतल्या हाडांची ठेवण सारखीच. "मीही ठेवणच वाचते, तात्या. बैलाला जो पुरावा चालतो, तो माणसाला का नको?"

तात्या स्वतःचा पंजा उलटसुलट बघत राहिले. "शिकवा," ते म्हणाले, "पण आधी मला."