न उमटणारं बोट

“येणार नाही म्हणजे? शाल तुमच्याच हातून घेणार, असं मी सगळ्यांना सांगून बसलेय, अक्का!”

“मला विचारून सांगितलंस?”

“तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही माझ्या गुरू.”

“गुरू ना? मग नाही म्हणालेय. ऐक.”

शैलजा मठाच्या ओट्यापाशी उभीच होती. एक चप्पल पायात, एक बाहेर. सोलापूरच्या या विडी वस्तीत तिला आता लहानथोर मॅडम म्हणायचे. न म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते समोर भिंतीला पाठ न टेकता बसलं होतं.

नीलाक्का. कपाळाला भस्म, अंगावर पांढरं लुगडं, जिभेला धार. या लहानशा मठाची झाडलोट करता करता म्हातारी आपली आपण वाचायला शिकली आणि मग वस्तीतल्या पोरींना याच ओट्यावर अक्षरं गिरवायला बसवू लागली. पोरगी ‘क्ष’शी झटायला लागली की ही नुसती बघत बसायची. पाटीला हात म्हणून लावायची नाही. पोरगी रडली तरी नाही.

शैलजा त्याच पोरींतली. विड्या वळणाऱ्या बाईची लेक. आता ती एका संस्थेत होती. मुलाची हजेरी, अभ्यास, शाळेचे निरोप मोबाईलवर कसे बघायचे, सरांना घरबसल्या कसं विचारायचं, हे ती आईबापांना शिकवायची. वस्तीतलं एकही घर तिनं सोडलं नव्हतं. उद्या त्याचाच सत्कार होता.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नरसम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. शैलजानं येताना तिला बघितलं होतं. म्हणजे बघितलं नव्हतंच. विडी वस्तीत विड्या वळणारी बाई कोण बघतं?

“माझं चुकलं काय, ते तरी सांगा.”

अक्कानं तिच्या पायातल्या चपलेकडं बघितलं.

“लोकांना बघवत नाही, ते मला माहीत आहे. पण तुम्हालासुद्धा…?”

“शैला, जीभ आवर.”

“का आवरू? या बायका शाळेच्या फाटकापाशी यायला बिचकायच्या. सरांनी हाक मारली की पदराआड तोंड लपवायच्या. आज घरोघरी शाळा पोचली. कुणी पोचवली? मी!”

“पोचवलीस की.”

“मग?”

अक्कानं सरकून हात लांब केला. नरसम्माच्या सुपात, तंबाखूच्या कडेला एक फोन पडला होता. तो उचलून तिनं शैलजापुढं धरला.

“उघड.”

शैलजाला हसू आलं. म्हातारीला हेच हवं होतं तर! तिनं दुसरी चप्पल काढली, ओट्यावर टेकली, फोन हातात घेतला.

“बोट मागतोय, अक्का. ज्याचं त्याचं बोट लागतं. दुसऱ्या कुणाला उघडत नाही. कुलूपच म्हणा.”

“बरं. मग ज्याचं आहे त्याला सांग.”

“मावशी, तुमचाच ना फोन? ठेवा बोट.”

नरसम्मानं कात्री खाली ठेवली. बोट पदराला पुसलं, ठेवलं.

फोन नुसता थरथरला.

पुन्हा पुसलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा थरथरला.

“नीट पुसा, मावशी.”

“पुसलं की, मॅडम.” नरसम्मा ओशाळून हसली. “आमचं बोट घेत नाही तो. तुम्हीच म्हणाला होता की.”

“मी?”

शैलजानं तिचं बोट हातात धरून उन्हाकडं केलं. जन्मभर पानं कापून, तंबाखू भरून, दोरा ओढून बोटावरच्या रेघा गेल्या होत्या. देवळाच्या पायरीसारखं बोट. गुळगुळीत.

आणि मग आठवलं.

शाळेचा हॉल. बायकांची रांग. पुढं पाहुणे बसलेले, फोटोवाला ताटकळलेला. या बाईचं बोट काही केल्या उमटेना. मागच्या बायका पुढं सरकायला लागलेल्या. शेजारी हिची लेक श्रीलता उभी होती, चुणचुणीत. ‘ये गं इकडं, तुझं बोट ठेव. कुलपाचे आकडेपण तूच घाल. झालं! वाजवा टाळ्या!’

टाळ्या वाजल्या होत्या.

अक्कानं आत तोंड करून हाक मारली, “श्रीलता!”

“बरं झालं, ती इथंच आहे,” शैलजा म्हणाली. “आज सुट्टी का गं शाळेला?”

श्रीलता बाहेर आली. तिच्याही हातात कात्री होती. तिनं फोनकडं न बघता बोट ठेवलं, आणि फोन पाळीव मांजरासारखा उघडला.

शाळेचे निरोप एकाखाली एक लागलेले. शैलजा वाचत गेली.

‘आपली पाल्य आज गैरहजर आहे.’ खाली उत्तर, ‘हो सर, ताप आहे.’

‘पाल्य अद्याप आलेली नाही.’ ‘गावाला आलोय सर.’

‘कृपया शाळेत येऊन भेटावे.’ ‘कामामुळे जमत नाही सर.’

आणि शेवटी, ‘मुलीला शाळेतून काढत आहोत. धन्यवाद.’ पुढं जोडलेले दोन हात.

भाषा शुद्ध, एक वेलांटी चुकलेली नाही. सगळं आईच्या नावानं.

“शाळेला वाटलं, आईच लिहितेय,” अक्का म्हणाली. बाकी काही नाही.

“का गं?” शैलजानं पोरीला विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

श्रीलता पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली. मग म्हणाली, “गणिताच्या बाईंनी फळ्यापाशी उभं केलं. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी नाही गेले. मग तिसऱ्या दिवशी कसं जायचं…?”

“आणि दिवसभर असायचीस कुठं?”

“तलावाच्या काठाला.”

“रोज डबा घेऊन जायची की, मॅडम,” नरसम्मा म्हणाली. “इस्त्रीचा ड्रेस घालून. गल्लीत मी सगळ्यांना सांगायची, शिकायलीय माझी पोरगी.”

तिनं एक पान उचललं, फिरवून बघितलं, परत ठेवलं.

“आधी मी कारखान्यात विड्या टाकायला गेले की येताना शाळेच्या फाटकाशी थांबायची. बाई दिसल्या की विचारायची, कशी आहे आमची? तुम्ही म्हणालात, मावशी, आता हेलपाटा कशाला, शाळाच तुमच्या हातात दिली. मग नाही थांबले. बरं वाटलं उलट. पाय दुखायचे.”

बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर शैलजाला भांडता तरी आलं असतं.

“पुढच्या वर्षी बसेल ती परत. मी स्वतः सरांशी बोलते.”

“मी नाही बसणार,” श्रीलता म्हणाली. “लहान पोरींत?”

आणि ती आईशेजारी बसून पान कापायला लागली. मापाचा पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून, कडेकडेनं, न अडखळता.

नरसम्मा तिच्या हाताकडं बघत राहिली.

“माझ्या सुपाशी हिनं बसू नये म्हणून वळत होते, मॅडम. आता माझ्यापेक्षा चांगली वळते. हात बसला.”

मठाच्या आत समई तडतडली. कुणी उठलं नाही.

शैलजाला ते सोसवेना. माणसाला सोसवेनासं झालं की ते काहीतरी करायला धावतं. गप्प बसणं फार अवघड.

“थांबा!” ती म्हणाली. “हे असं राहायलाच नको. बोटाची भानगडच नको. कुलूप बदलून देते आत्ताच्या आत्ता. नुसते आकडे दाबायचे, मावशी, एकदम सोपं.”

तिनं फोन गुडघ्यावर घेतला. तिची बोटं भराभर धावायला लागली.

“जुने आकडे काय गं घातले होतेस?”

श्रीलतानं सांगितले.

“आता नवे. मावशी, तुमची जन्मतारीख?”

“ती कुठली हो मला?”

“बरं. मग श्रीलता, तुझी सांग.”

श्रीलतानं तीही सांगितली. शैलजानं दाबली. नरसम्मा मान उंच करून बघायचा प्रयत्न करत होती, पण फोनवर शैलजाच वाकली होती. तिला दिसत होता तो मॅडमचा अंबाडा.

“झालं!” शैलजानं मान वर केली. “किती सोपं होतं बघा. आणि श्रीलता, आई विसरली तर तू सांगायचं हं तिला.”

“हो, मॅडम,” श्रीलता म्हणाली.

अक्का बघत होती. ‘क्ष’शी झटणाऱ्या पोरीकडं बघायची, तशी.

…

शैलजाच्या कानात तिचंच बोलणं परत आलं. ‘तू सांगायचं हं तिला.’ मग मागचं. ‘झालं! वाजवा टाळ्या!’ दोन्हींचा सूर एकच होता. लकबसुद्धा.

तिचा चेहरा उतरला.

“अक्का…”

“मागं रांग होती, अक्का. पाहुणे खोळंबले होते. एकेकीला किती वेळ द्यायचा? एक बोट उमटेना म्हणून सगळ्यांना थांबवायचं?”

अक्कानं तिच्या हातातल्या फोनकडं बघितलं.

“मला माहीत असतं तर… मी काय मुद्दाम…?”

पान कापल्याचा आवाज येत राहिला. नरसम्मानंच मग समजूत घातली, “असू द्या, मॅडम. तुम्ही आमच्या भल्यासाठीच केलं.”

ते ऐकून शैलजानं तोंड फिरवलं. मग लहान पोरीनं विचारावं तसं तिनं विचारलं, “उद्या तुम्ही नाहीच का येणार? एवढं एक माझ्यासाठी, अक्का. शाल तेवढी तुमच्या हातून…”

नीलाक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. तिच्यासमोर येऊन उभी राहिली. फार दिवसांनी तिनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“शाल घ्यायला दोन्ही हात मोकळे लागतात, शैला… तुझ्या हातात अजून नरसम्माचा फोन आहे.”