चौथा ठोका

एका तालुक्याच्या गावात कवायतीचे एक मास्तर होते. नाव भगीरथ. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेच्या मैदानावर पोरांना ‘सावधान’मध्ये उभं केलं. नाकावर माशी बसली तरी हात उचलायची कुणाची छाती नव्हती. पुढे मास्तर निवृत्त झाले, पण त्यांचा कणा काही निवृत्त झाला नाही. जेवायलासुद्धा ते कवायतीत असल्यासारखे ताठ बसत.

त्यांच्या बायकोला, शालनला, लहानपणापासून नाचायची हौस. आधी वडील नको म्हणाले, मग संसार आडवा आला. गावच्या मंगल कार्यालयात जुई नावाच्या मुलीनं साल्सा नाचाचा वर्ग काढला, तेव्हा शालन नवऱ्याला म्हणाली, “मला शिकायचंय. जोडीनं करायचा नाच आहे, तुम्ही चला.” उभ्या जन्मात तिनं धरलेला हा एकच हट्ट. मास्तर गेले.

जुई मास्तरांचीच विद्यार्थिनी. रांगेत हलली म्हणून एकदा तासभर उन्हात उभी राहिलेली. तिनं तो विषय काढला नाही. तिनं ठोके शिकवले. एक, दोन, तीन, मग चौथा रिकामा. पाच, सहा, सात, मग आठवा रिकामा. मास्तरांनी पावलं दोन दिवसांत पाठ केली. पण चौथा ठोका आला की ते टाच आपटून जागच्या जागी उभे राहत, आणि गिरकीला निघालेल्या शालनच्या खांद्याला हिसका बसे.

“सर, त्या ठोक्याला पाऊल नाही, पण अंग थांबवायचं नाही,” जुई म्हणाली.

“पाऊल नाही म्हणजे थांबाच की!” मास्तर म्हणाले.

मग त्यांनी ठरवलं, दोष कमरेचा आहे. रोज सकाळी कंबर डावीकडे वीस वेळा, उजवीकडे वीस वेळा. आठव्या दिवशी कंबर धरली आणि मास्तर शेकाची पिशवी घेऊन आडवे झाले.

महिनाअखेरीला वर्गाचा कार्यक्रम होता. दहा दिवस उरले, तेव्हा खांद्याला तेल चोळत शालन म्हणाली, “राहू द्या आता. मला नाच नाही तर नाही. लोक तुम्हाला हसतात, ते बघवत नाही मला.” ती चिडली असती तर मास्तरांना चाललं असतं. हे मात्र फार लागलं.

गावात दिवसाआड पाणी येई, तेही चौकातल्या नळाला. दुसऱ्या दिवशी दोघं भरलेल्या बादल्या घेऊन निघाले. घराशी येईपर्यंत मास्तरांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. मागून शालन आली. तिची बादली काठोकाठ, आणि जमिनीवर एक थेंब नाही. इतकी वर्षं हे समोर होतं, मास्तरांनी पाहिलं मात्र आज.

“तुझं सांडत कसं नाही? मला शिकव,” ते म्हणाले. बायकोला असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

शालनला हसू आलं. “तुम्ही गचकन थांबता. तुम्ही थांबलात म्हणून पाणी थांबतंय होय? पाऊल टेकलं की गुडघा ढिला सोडायचा. सगळा भार त्या पायावर जाऊ द्यायचा. पाणी आपोआप शांत होतं.”

त्या दिवसापासून मास्तर भरली बादली घेऊन गल्लीत येरझारा घालू लागले. “मास्तर, टँकरचा धंदा काढलात का?” शेजारी विचारत. एरवी मास्तरांनी त्यांना तिथंच उभं केलं असतं. आता ते मागं वळून शालनला विचारत, “सांडलं का गं?”

कार्यक्रमाच्या दिवशी गाणं सुरू झालं. एक, दोन, तीन. चौथा ठोका आला आणि टाच वाजली नाही. गुडघा ढिला झाला, भार पावलात उतरला, कंबर आपली आपण त्याच्या मागं गेली. शालनची गिरकी पहिल्यांदाच पुरी झाली. बक्षीस दुसऱ्या जोडीला मिळालं, त्याचं दोघांनाही काही वाटलं नाही.

नाच संपल्यावर मास्तर जुईपाशी गेले. “तुला उन्हात उभं केलं होतं मी. चुकलं माझं, पोरी.” जुई वाकून त्यांच्या पाया पडली.

घरी जाताना शालन हळूच म्हणाली, “आज मला सांडलं नाहीत.”

तात्पर्य: पावलं शिस्तीनं बसतात, पण अंग सैल सोडल्याशिवाय नाच येत नाही, आणि जो स्वतः ताठ राहतो, त्याचे हिसके सोबतच्या माणसाला बसतात.