बझर दाबल्यावर

“हिमालय ओलांडून आपल्याकडे येणारा…”

“पट्टकादंब,” शीलवंत म्हणाला.

“…पक्षी तळ्यावर उतरलाय. येताना दिसला का?”

शीलवंत जरा ओशाळला. तळ्याच्या पाळीवरूनच तो मोटारसायकलनं विहारात आला होता. पाळ संपेपर्यंत त्याची नजर रस्त्यावर होती आणि मन घरी. पाण्याकडे एकदा पाहावं, हे काही त्याला सुचलं नव्हतं.

“दिसला नाही जी,” तो म्हणाला. मग हसून पुढं म्हणाला, “पण भंतेजी, हे बरोबर नाही. एकदा बझर दाबला की प्रश्न तिथंच थांबवायचा असतो. पुढं वाचायचा नसतो. नियमच आहे तसा.”

“असं?”

“सगळीकडे हेच.”

“बरं. नियम म्हणजे नियम,” भंतेजी म्हणाले, आणि फाटलेल्या चीवराला ठिगळ लावायला त्यांनी सुई पुन्हा उचलली.

भंते कस्सप म्हणजे पूर्वीचे वासनिक सर. भंडाऱ्याकडच्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर चीवर घेतलं आणि गावाबाहेर तळ्याकाठच्या या छोट्याशा विहारात येऊन राहिले. शीलवंत खोब्रागडे त्यांचा विद्यार्थी. पोरगा हुशार आहे हे त्यांनीच पहिल्यांदा ओळखलं होतं आणि पहिल्या प्रश्नमंजुषेला त्याला त्यांनीच नेलं होतं. त्यामुळे ‘भंतेजी, भंतेजी’ म्हणता म्हणता त्याच्या तोंडून मधेच ‘सर’ निघून जायचं आणि तो जीभ चावायचा. भंतेजी ते न ऐकल्यासारखं करायचे.

शीलवंतचं नाव आता जिल्हाभर झालं होतं. इतिहास विचारा, विज्ञान विचारा, पशुपक्षी, यंत्रं, खेळ… हा तयारच. स्पर्धा परीक्षांचा त्याचा वर्ग तालुक्याच्या गावी भरून वाहत होता. पण लोकांत खरा बोलबाला होता तो त्याच्या उजव्या अंगठ्याचा. समोरच्यानं प्रश्नाचे दोन शब्द उच्चारले न उच्चारले तोच अंगठा बझरवर, आणि वर उत्तर बरोबर. उत्तर येत नाही म्हणून त्यानं ‘पास’ म्हटलं आणि प्रश्न पुढच्या संघाकडे गेला, असं कुणाच्या पाहण्यात नव्हतं. प्रश्न वाचणाऱ्या बिचाऱ्यांना मात्र कित्येकदा आपला प्रश्न पुरता वाचायलाच मिळायचा नाही. मेहनतीनं प्रश्न काढायचे आणि हातात कागद धरून नुसतं हसायचं, एवढंच त्यांच्या नशिबी.

पण आज शीलवंत काही मिरवायला आला नव्हता.

“उत्पला माझ्याशी बोलूनच नाही राहिली, भंतेजी.”

उत्पला ही त्याची एकुलती एक लेक. बारावीला होती, आणि ती डॉक्टर होणार हे शीलवंतनं धरूनच ठेवलं होतं. घरात अबोला म्हणावा, तर तसंही नव्हतं. हाक मारली की ती ओ द्यायची. ताटात वाढायची. विचारलं तेवढ्याला हो किंवा नाही म्हणायची. पण आपणहून एक शब्द बोलेल तर शपथ. हीच पोर लहानपणी ‘बाबा, हे काहून असं? ते काहून तसं?’ करत दिवसभर त्याच्या मागं मागं असायची. गेल्या पावसाळ्यापासून तिनं त्याला काही म्हणता काही विचारलं नव्हतं.

अख्खा जिल्हा ज्याला विचारतो, त्याला घरची पोर विचारत नाही. हे शीलवंतला फार लागलं होतं. आधी तो रागावला. मग त्यानं लाडीगोडी लावून पाहिली. आता मात्र त्याला भीती वाटायला लागली होती. पोर आपल्या हातची जाते की काय, या विचारानं त्याचा घास घशाखाली उतरत नव्हता.

त्यातच बायकोकडून त्याला कळलं की दर रविवारी उत्पला विहारात येते आणि वंदना झाल्यावर भंतेजींजवळ बराच वेळ बोलत बसते. बोलत बसते… म्हणजे पोरीची वाचा शाबूत होती. फक्त बापापुरती बसली होती.

“माझं काय चुकते, तेवढं तिला विचारा जी,” तो म्हणाला.

भंतेजींनी एक टाका घातला. मग दुसरा.

बाहेर पाळीवरून कुणीतरी म्हशी हाकत नेत होतं. विहारात चिमणीचाही आवाज नव्हता. शीलवंतला शांतता कधीच सोसायची नाही. अशा वेळी त्याला काहीतरी हातात लागायचं, आणि त्याच्या हातात एकच गोष्ट होती.

“विचारा न अजून काही, सर,” तो म्हणाला. “शाळेत विचारत होते तसं.” आणि त्यानं जीभ चावली.

भंतेजींनी मान हलवली.

“अजिंठ्याची लेणी १८१९ साली…”

“जॉन स्मिथ.”

भंतेजी थांबले. सुई कापडात अर्धी शिरली होती, तिथंच ठेवली.

“सूर्यावरून निघालेला उजेड…”

“आठ मिनिटं, वीस सेकंद.”

“ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये…”

“हॉकी. भारताचं पहिलं सुवर्ण.”

“ऑक्टोपसला…”

“तीन हृदयं.”

शीलवंत खुशीत आला. एका शब्दावर उत्तर! घटकाभर तो घरचं दुःखही विसरला. दर उत्तरागणिक त्याचा अंगठा चटईवर खाडकन दाबला जात होता, आणि दर वेळी भंतेजींची सुई होती तिथं थांबत होती. अशानं ठिगळ काही पुढं सरकत नव्हतं.

“सगळी बरोबर न?” त्यानं विचारलं.

“ते कसं सांगू?” भंतेजी म्हणाले. “नियमाप्रमाणे मी थांबलो. प्रश्न तर माझ्याजवळच राहिले.”

शीलवंतला हसू आलं. ऑक्टोपसबद्दल आणखी काय विचारायचं असणार, असं त्यानं गमतीनं म्हणून पाहिलं. भंतेजीही हसले. सांगितलं मात्र नाही.

मग त्यांनी चीवर मांडीवर नीट पसरलं.

“आणखी एक प्रश्न आहे. पण तो माझा नाही.”

“कोणाचा?”

“उत्पलाचा. तुझ्यासाठी ठेवून गेली आहे.”

शीलवंत ताठ बसला.

भंतेजींनी सांगितलं ते असं. मागल्या रविवारी वंदनेनंतर ती नेहमीसारखी बसली होती. उठता उठता म्हणाली, की बाबांना एक विचारायचं आहे, कितीदा सुरुवात केली, पण होतच नाही. बाबा आपणहून इकडे आले, तर तुम्ही विचारा. नाही आले तर राहू द्या.

आपणहून आलो, हे फार बरं झालं, असं शीलवंतला वाटलं. इतके दिवस ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते आता हाताशी आलं होतं. त्यानं नकळत हात जोडले.

“विचारा जी.”

भंतेजींनी डोळे मिटले. पोरीचे शब्द जसेच्या तसे आठवत असावेत.

“बाबा, मी जर उद्या…”

“डॉक्टर नाही झाली तर?” शीलवंत म्हणाला. “नको होऊ दे, भंतेजी. मला चालते. सांगा तिला. दुसरं काही शिकतो म्हणली, तरी मी एका शब्दानं बोलणार नाही. वर्गातल्या पोरांसमोर मान खाली गेली तर जाऊ दे. तिच्यापेक्षा मला काय मोठं आहे? तिनं नुसतं हसून…”

बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं, की भंतेजी पुढं काही म्हणत नाहीत. सुई अर्ध्या टाक्यात तशीच होती.

त्यानं खाली पाहिलं. उजवा अंगठा चटईत रुतला होता.

“हेच… हेच विचारलं न तिनं?”

भंतेजींनी डोळे उघडले.

“पुढं सांगा न, भंतेजी.”

“बझर दाबल्यावर…” भंतेजी म्हणाले, आणि थांबले.

पुढचं शीलवंतला तोंडपाठ होतं. पण त्याचं तोंड उघडेना.

“हा काही खेळ नाही, सर,” बऱ्याच वेळानं तो म्हणाला. या खेपेला जीभ चावायचंही त्याला भान राहिलं नाही.

“नाही,” भंतेजी म्हणाले. “मलाही तसंच वाटत होतं.”

पुन्हा शांतता पसरली. या वेळी तिच्यावर टाकायला शीलवंतजवळ काहीच नव्हतं.

त्याला पावसाळ्यातली एक संध्याकाळ आठवली. वर्ग सुटल्यावर उत्पला दाराशी येऊन उभी राहिली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली होती, ‘बाबा, मला न…’ आणि तो म्हणाला होता, ‘नवी पुस्तकं न? आणतो उद्या.’ दुसऱ्या दिवशी त्यानं ती आणलीही होती, एकही न विसरता. तिनं ती घेतली आणि आत गेली. तेव्हा त्याला वाटलं होतं, की चला, एक काम झालं.

बायको ‘अहो, आज…’ म्हणाली, की तो ‘गॅसवाल्याला सांगितलं’ म्हणायचा. आई फोनवर ‘अरे, तुझ्या…’ म्हणाली, की तो ‘मावशीकडे जाऊन आलो’ म्हणायचा. बहुतेक वेळा बरोबरच निघायचं. निदान कुणी चूक म्हणायचं नाही. माणसं नुसती ‘हं’ करायची आणि आपापल्या कामाला लागायची. आपल्या घरात फार बोलावं लागत नाही, याचा त्याला आतून अभिमान होता. न सांगता आपल्याला कळतं, असं तो धरून चालला होता.

आता त्याला लाज वाटली. आणि लाजेपेक्षाही जास्त, वाईट वाटलं. दाराशी उभ्या असलेल्या त्या पोरीला काय हवं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

“तो प्रश्न गेला का, भंतेजी?” त्यानं हळूच विचारलं.

“माझ्याजवळचा गेला.”

“आणि…”

“तिच्याजवळ आहे. अख्खा.”

शीलवंत ताडकन उठला. कॉलेज सुटायला अजून वेळ होता. आत्ता निघालं तर फाटकाशी गाठ पडेल, आपण तिला गाडीवर बसवू, आधी तर सांगूनच टाकू की बाबांचं चुकलं, मग सांगू की तुझ्या मनात जे आहे ते मला समजलं, मग… तो बोलत सुटला होता आणि खिशात किल्ली शोधत होता.

भंतेजींनी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि त्याचा उजवा अंगठा धरला. दाबला नाही, ओढला नाही. नुसता मुठीत धरून ठेवला.

शीलवंत बोलायचा थांबला.

मग तो खाली बसला. अंगठा सुटल्यावरही तो तसाच बसून राहिला. इतका वेळ काही न बोलता तो आयुष्यात बसला नसेल. दोनदा त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. भंतेजी टाके घालत होते. आता सुई कुठं अडत नव्हती. ठिगळाची एक कड शिवून झाली, दुसरीही होत आली.

“भंतेजी,” अखेर तो म्हणाला. “आज मी तिला पूर्ण बोलू देईन. कितीही वेळ लागू दे. पण बोलता बोलता तिनं मला असं काही विचारलं, की…”

तो अडला. शब्द काही सापडेनात.

त्याला काय म्हणायचं आहे हे कुणालाही कळलं असतं. भंतेजींना तर कळलंच असणार. पण त्यांनी त्याच्या तोंडात शब्द घातला नाही. सुई खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहत राहिले.

“…की ज्याचं उत्तर मला येत नाही. येतच नाही. तर मी काय म्हणू तिला?”

भंतेजींनी वाक्य संपू दिलं. संपल्यावरही ते जरा थांबले, आणखी काही उरलं असलं तर म्हणून.

मग म्हणाले,

“पास.”