तळहातावरची नोंद

एकदा एक विद्यार्थिनी आपल्या वृद्ध गुरूंना घेऊन तालुक्याच्या रुग्णालयात आली. तिचं नाव ऋजुता. कोणत्या रुग्णाला कोणतं इंजेक्शन कधी दिलं, याची नोंद ठेवणारी प्रणाली तिने सहा महिने खपून लिहिली होती आणि सोमवारपासून ती वापरात येणार होती. गुरूंनी आयुष्यभर कर्नलचा, म्हणजे संगणकाच्या पोटातला सारा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीचा, अभ्यास केला होता. त्यांनी एकदा 'छान' म्हणावं, एवढीच बिचारीची इच्छा.

लोखंडे सिस्टरांनी सरावासाठी एक नोंद केली. पापणी लवायच्या आत पडद्यावर उमटलं, 'नोंद झाली'. ऋजुताची कळी खुलली. तेवढ्यात गुरू उठले आणि त्यांनी संगणकाची पिन उपटली.

"सर, हे काय केलंत!"

"वीज घालवली. एरवी ती आपण होऊन जातेच."

संगणक पुन्हा सुरू झाला. नोंद नव्हती. सिस्टर हळूच म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर तेच इंजेक्शन पुन्हा देणार की हो!"

"कर्नलने दगा दिला," ऋजुता पुटपुटली.

गुरूंचं लक्ष सिस्टरांच्या तळहाताकडे गेलं. त्यावर पेनाने आकडे लिहिले होते. "हे काय?"

सिस्टर ओशाळल्या. "टेंपरेचर, सर. दर खाटेपासून टेबलापर्यंत कुठे पळत बसू? हात भरला, नाहीतर जरा सवड झाली, की सगळं एकदम केसपेपरवर उतरवते."

"आणि इंजेक्शन?"

"छे! ते तिथल्या तिथे कागदावर. मधेच हात धुतला तर?"

गुरू ऋजुताकडे वळले. "कर्नलही हेच करतो. डिस्क संथ, म्हणून तू दिलेलं नोंदीचं पान तो आधी स्मृतीत, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या आपल्या तळहातावर, ठेवतो, 'उतरवायचं राहिलंय' अशी खूण करतो आणि काही सेकंदांनी, किंवा अशी पानं फार साठली की, डिस्कवर लिहून टाकतो. हा दगा नव्हे, शहाणपण आहे. नाहीतर यंत्र मुंगीच्या पावलाने चाललं असतं. पण जे गमावून चालणार नाही, ते 'आत्ता उतरव' असं त्याला सांगता येतं. ते तू सांगितलं नाहीस, आणि 'झाली' म्हणून मोकळी झालीस. सिस्टरांना शब्द तू दिलास, पोरी, त्याने नाही."

ऋजुता मान खाली घालून कामाला बसली. तापमानाच्या नोंदी तिने होत्या तशाच ठेवल्या. इंजेक्शनची नोंद मात्र डिस्कवर पोहोचल्याचं कर्नलने कळवल्याखेरीज पडदा आता काही बोलणार नव्हता.

दुपारी सिस्टरांनी पुन्हा नोंद केली. पडदा क्षणभर रेंगाळला.

"आता हे विचार का करतंय गं?"

"विचार नाही, सिस्टर. आधी उतरवून घेतंय, मग सांगेल."

'नोंद झाली' उमटलं. ऋजुताने गुरूंकडे पाहिलं. ते जागचे हलले नाहीत. मग तीच उठली आणि तिने पिन उपटली.

तिनेच ती पुन्हा लावली. संगणक सावकाश सुरू झाला, नोंद जागच्या जागी दिसली आणि मगच गुरू म्हणाले, "छान."