दगडफूल आणि खोल पाण्यातली मुशी

डोंगर आणि समुद्र पाठीला पाठ लावून बसलेत, अशा एका गावात एक कोळीण होती. तिचं माहेर डोंगरातलं. मसाल्याचं दगडफूल खरवडायला ती अजून वर जायची. अर्धं काढायची, अर्धं खडकावर ठेवायची. एकदा जावेनं सगळा खडक साफ केला, तर ही तिचा विळा हिसकावून म्हणाली, "नखाएवढं वाढायला याला वर्षं लागतात, भवाने! पुढच्या वर्षी काय माती घालशील मसाल्यात?"

तिचा नवरा खोल पाण्यात गळ सोडायचा. एका वर्षी गळाला मुश्या लागल्या, शार्कच्या जातीच्या, काळ्या, हिरव्या डोळ्यांच्या. एकेकीचं काळीज केवढं! सगळी उकळली तर पिंपभर तेल निघालं. व्यापारी दारात येऊन बसला. "आणखी आणा," म्हणाला.

सासू मुशी चिरत होती. तिचा हात थांबला. "सूनबाई, हिच्या पोटात एकच पिल्लू आहे गं. तारलीला लाखभर अंडी, आणि हिला एक. दहा चिरल्या, पाचांच्या पोटात तेही नव्हतं. तुझ्या दगडफुलाचीच जात ही, सावकाश वाढणारी. पुरे म्हण त्याला. तुझं ऐकतो तो."

सून हसली. "काहीतरीच तुमचं, आत्याबाई! दगडफूल बापडं दगडाला चिकटून बसतं. कुणीही यावं, खरवडावं. ही पुरुषभर लांब, तोंडभर दात. हिला कोण संपवणार?"

नवरा दारात उभा होता, बायकोच्या तोंडाकडे बघत. "काय गं, जाऊ का?"

"जावा की! तेल कधी कुणाला जास्त झालंय?"

तीन वर्षं होडी भरून आली. चौथ्या वर्षी गळ रिकामे. पाचव्या वर्षीही रिकामे. "आणखी लांब जातो," नवरा म्हणाला. तिथलं पाणी त्याच्या बापानंही पाहिलं नव्हतं.

होडी परतली नाही. आठ दिवसांनी एक फळी तेवढी किनाऱ्याला लागली.

बायका गोळा झाल्या. एकजण म्हणाली, "दर्यानं दावा साधला गं बाई."

तशी ती उसळली. "दर्याला बोल लावू नका! मला विचारून गेला तो. आत्याबाईंनी सांगितलं होतं, कळत होतं, आणि मीच जा म्हटलं."

सासूनं दगड उचलला, सुनेचा हात पुढे ओढला आणि बांगड्या फोडल्या.

तात्पर्य: अंगापिंडानं मोठं दिसतं म्हणून ते संपत नाही, असं समजू नका. जे हळू वाढतं, ते हात राखूनच घ्यावं.