बिनग्रंथाचं प्रार्थनामंदिर

नाईलच्या पश्चिम काठावर, खजुरीच्या बागा संपून वाळू सुरू होते तिथे देर-तूब नावाचं खेडं आहे. तिथल्या प्रार्थनामंदिरात वेदीसमोर दगडी वाचनपीठ आहे, पण त्यावर ग्रंथ नाही. कुणी भक्तिभावाने शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथाची, प्रत भेट आणलीच, तर मंदिर सांभाळणारे म्हातारे बिशारा ती कपाळाला लावतात आणि परत देतात. मग पाहुण्यांना ओट्यावर बसवून तायसिसची गोष्ट सांगतात.

फार जुनी गोष्ट, म्हणे. रोमच्या सम्राटाची दवंडी फिरली होती: ख्रिस्ती लोकांचे ग्रंथ जाळा, आणि सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप घालणार नाही त्याला दगडाच्या खाणीत धाडा. तायसिस ही गावातली विधवा. खजुरीच्या पातींच्या चटया विणून पोट भरायची. अक्षरओळख नव्हती. पण वीस वर्षं मंदिरात वाचन चालू असताना ती दाराशी बसून विणत राहिली, आणि विणता विणता सारं शुभवर्तमान तिला पाठ झालं, असं सांगतात.

सम्राटाचा अंमलदार आला तेव्हा ग्रंथ पामूनकडे होता. पामून गावच्या ख्रिस्ती मंडळीचा सेवक. वाचनाचा मान त्याचा. शिपायांनी नुसता आसूड दाखवला आणि त्याने ग्रंथ काढून दिला. चौकात त्याची होळी झाली.

राख निवायच्या आत तायसिस घरोघर फिरली. "पानं जळली. शब्द माझ्यापाशी आहेत. एकेका घराने एकेक भाग घ्या." उन्हाळाभर ती या ओट्यावरून त्या ओट्यावर विणत आणि शिकवत राहिली.

सगळ्यांत शेवटी पामून तिच्या दारी आला. शेजारणी म्हणाल्या, "याला काही देऊ नका, तायसिसआई. त्याच्या तोंडी ते शब्द शोभायचे नाहीत."

राग तिच्याही मनात धुमसत होता. तिने हातातली पात करकचून ओढली. मग म्हणाली, "प्रभूचा पट्टशिष्य पेत्र, त्याने भीतीपोटी प्रभूला तीनदा नाकारलं, तो भाग उरलाय. तो तुझा."

"दुसरा कुठलाही द्या. हा माझ्या तोंडून निघायचा नाही."

"प्रभूने पुढे त्या नाकारणाऱ्याच्याच हाती आपल्या माणसांचा कळप दिला होता. बस खाली."

गावात पाठ अजून चालतो, ही खबर लागून थंडीत अंमलदार पुन्हा आला. सारं गाव चौकात उभं केलं. "एक ग्रंथ अजून लपवलाय. कुणाकडे आहे?"

तायसिस पुढे झाली. "माझ्याकडे. इथे," तिने छातीवर हात ठेवला. "जाळायचा तर लाकडं आणा. पण जळून संपेपर्यंत ऐकावं लागेल."

त्याने धुपाचं पात्र तिच्यासमोर धरलं. "चिमूटभर टाक आणि घरी जा."

तिने पात्र हातात घेतलं आणि मातीत उपडं केलं.

शिपाई तिचे हात बांधू लागले, तेव्हा गर्दीतून आवाज आला. पामूनचा. तो म्हणत होता: पेत्र अंगणात शेकोटीपाशी बसला, दासीने त्याला ओळखलं, आणि तो म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. त्या भागाच्या शेवटी कोंबडा आरवतो, तिथपर्यंत पामून थांबला नाही. त्याचा भाग संपला तिथून पुढचा भाग शेजारच्या घराने उचलला, मग त्याच्या पुढच्याने. अंमलदाराबरोबर बारा शिपाई होते, आणि गावात चाळीस घरं. त्याने तायसिसला आणि पामूनला तेवढं बांधलं आणि घाईने वाट धरली. दोघं खाणीतून परतली नाहीत.

पुढे काळ पालटला, ग्रंथांवरची बंदी उठली. शहरातल्या बिशपांनी सोन्याच्या वेष्टनातला नवा ग्रंथ पाठवला. "आमचा ग्रंथ खाणीत आहे," असं म्हणून गावाने तो माघारी धाडला, म्हणे.

आजही ईस्टरआधीच्या, प्रभूच्या दुःखसहनाच्या आठवड्यात चाळीस घरं क्रमाने उभी राहून आपापला भाग म्हणतात. पेत्राच्या नाकारण्याचा भाग बिशारांच्या घराकडे आहे, कारण ते पामूनच्या वंशातले. तो भाग म्हणताना मान खाली घालायची नाही आणि आवाज उतरू द्यायचा नाही, असा त्या घरचा दंडक आहे.