गोमाजी बुरुडाची टिचकी

फार जुनी गोष्ट आहे, वेळूखेडला सडक नव्हती तेव्हाची. गावात गोमाजी बुरूड राहायचा. टोपल्या विणायचा आणि मोडलेली हाडंही बसवायचा. दंडाचं हाड मोडलं की तो खांद्याला कान लावायचा आणि कोपरावर हलकी टिचकी मारायचा. बांबू आतून चिरलाय का, हे बुरूड असंच ओळखतो. सात घरं सोडून बसला तरी त्याला हाडाचा आवाज कळायचा, असं म्हणतात.

एकदा ठकू लोहारीण बैलगाडीवरून पडली. उजवा दंड मोडला. तिचा नवरा मल्हारी सांडशीत लोखंड धरायचा आणि घण ठकूच मारायची. तो हात गेला तर भट्टी विझणार, बिऱ्हाड हलवावं लागणार.

गोमाजीने हाड ओढून बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या, हात गळ्यात अडकवला. म्हणाला, "दोन महिने घण नाही."

दोन महिन्यांनी कामट्या सोडल्या. टिचकी मारली. आवाज फुटक्या मडक्यासारखा.

"ठके, घण उचललास?"

"नाही हो, मामा."

"तू खोटं बोलशील. हाड खोटं बोलत नाही."

ठकूने मान खाली घातली. "पेरणी आली होती. चारच घाव घातले."

त्या चार घावांनी हाड सरकलं होतं आणि फटीत मांस अडकलं होतं. आता कामट्या पुरणार नव्हत्या. गोमाजीने आयुष्यात कुणाला सुरी लावली नव्हती. तो पायी गेला आणि पलीकडच्या गावच्या सखोबा न्हाव्याला घेऊन आला. सखोबाने वस्तरा विस्तवावर धरला, दंड उघडला, मांस सोडवलं. गोमाजीने हाडाला हाड भिडवलं. ठकूने दातांत दोर धरला होता. जखम शिवून होईपर्यंत गावातलं कुत्रंही भुंकलं नाही, असं म्हणतात.

पण हिला थांबवणार कोण? दुसऱ्या सकाळी गोमाजी टोपल्या बाजूला ठेवून भट्टीवर आला आणि त्याने घण उचलला. पहिला घाव ऐरणीच्या कडेवर बसला.

"मामा, लोखंड ठोकताय की सूप विणताय?" ठकू हसली.

"तू गप बस आणि हाड जोड."

तीन महिने तो रोज आला. तळहातांना फोड आले, पण भट्टी विझली नाही. मग त्याने पुन्हा बांधलेल्या कामट्या सोडल्या, टिचकी मारली. दंड असा खणखणला की नदीवर धुणं धुणाऱ्या बायांनी माना वर केल्या, असं म्हणतात. ठकूने त्याच दिवशी घण हातात घेतला.

आता हात मोडला की लोक तालुक्याच्या दवाखान्यात जातात. तिथे फोटो काढतात, प्लास्टर घालतात, कधी कापून आत पट्टी बसवतात. चांगलंच आहे. पण माणूस घरी परतला की दुसऱ्या सकाळी शेजारचं कुणीतरी दारात उभं असतं. म्हशीची धार काढायची असो, भाकरी थापायची असो, पोरीची वेणी घालायची असो. कोण आलंय म्हणून आतून विचारलं, तर वेळूखेडात कुणी स्वतःचं नाव सांगत नाही.

म्हणतात, "गोमाजीचा हात आलाय."